पाठीला लाकूड

(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर. दहावीची बॅच १९९६)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे, ‘एआयमुळे आपल्या नोकऱ्या राहतील का?’ मी वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे लग्नाच्या पंगतीतसुद्धा हा प्रश्न मलाच विचारतात. उत्तर देते. पण त्याआधी तुम्हाला एका गिटारची गोष्ट ऐकावी लागेल.

आठवीत कार्यानुभवाच्या तासाला आपला वर्ग दोन भागांत फुटायचा. मुलगे खाली शेडमध्ये सुतारकामाला, मुली वर शिवणाला. मला खाली जायचं होतं. विचारूनही पाहिलं. “मुलींना नसतं ते,” एवढंच उत्तर मिळालं. तेव्हा बहुतेक ठिकाणी तसंच होतं, त्याचं भांडण आज काढत नाही. पण शिवणाची खिडकी बरोबर शेडच्या वर होती. काजं करता करता खालून सरांचा आवाज यायचा, “अरे, पाठीला लाकूड लाव!” दर आठवड्याला तेच वाक्य. मला ते तोंडपाठ झालं. अर्थ कळायला तीस वर्षं लागली.

दोन वर्षांपूर्वी मुलुंडची आमची जुनी बिल्डिंग पुनर्विकासाला गेली. घर रिकामं करताना स्वयंपाकघराच्या दाराची सागवानी चौकट मी मागून घेतली. तिच्यावर आईने आम्हा भावंडांची उंची दरवर्षी पेन्सिलीने लिहून ठेवली होती. त्याच सुमाराला भाच्याची गिटार पडली आणि मानेत तुटली. धड शाबूत होतं. सगळे म्हणाले, नवी घ्या. मी म्हटलं, मान मी करते.

बाल्कनीत रंधा आणि कानस घेऊन पाच महिन्यांचे शनिवार-रविवार गेले. शेजाऱ्यांनी सोसायटीकडे एकदा तक्रारही केली. मान झाली, पोटात लोखंडी सळई बसली, आईच्या पेन्सिलीच्या खुणा बहुतेक रंध्याखाली गेल्या. एकच राहिली, हेडस्टॉकच्या मागे: माझं नाव आणि ‘१९८९’. ती मी मुद्दाम ठेवली.

हेडस्टॉक म्हणजे गिटारचं डोकं. तिथे सहा चाव्या बसतात. तारांचे कान पिळायच्या चाव्या म्हणा, आपल्यातल्या पुष्कळांना ते लगेच कळेल. चावीच्या डबीत एक मळसूत्र आणि एक दातेरी चाक असतं. माझ्या चाव्यांचं प्रमाण अठरास एक आहे. बोटाने चावी अठरा वेळा फिरवली की तार गुंडाळणारा खांब एकदा फिरतो. त्यातली गंमत अशी की मळसूत्र चाकाला फिरवतं, पण चाक मळसूत्राला फिरवू शकत नाही. सहा पोलादी तारा मिळून साधारण सत्तर किलोचा ताण देतात, म्हणजे एक धट्टाकट्टा माणूस त्या मानेला सतत लोंबकळलेला असतो. तरी चावी हातानेच फिरते, तारेच्या ओढीने नाही.

बसवण्याआधी मी चाव्या कागदावर मांडल्या. तीन डाव्या, तीन उजव्या. एकीचं बोंड दुसरीला घासू नये इतकं अंतर. तार मानेवरून खांबापर्यंत शक्यतो सरळ जायला हवी. फार वाकली तर खाचेत अडकते आणि सूर लागता लागत नाही. लाकूड १९ मिलिमीटर जाड राहिलं होतं. पुढून आवळायची नळी तेवढ्या जाडीत आतल्या आट्यांपर्यंत पोहोचेना, म्हणून पुन्हा रंधा मारून ते १५ वर आणलं. मग टोच्याने खुणा केल्या, आधी तीन मिलिमीटरचं भोक, मग सहाचं, मग दहाचं. ड्रिल तिरकं जाऊ नये म्हणून शेजारी गुण्या उभा केला. सगळं यूट्यूबवर पाहून, वहीत लिहून, अगदी शहाण्यासारखं.

पाच भोकं चांगली पडली. मागच्या बाजूला थोडे तुसे निघाले, तेवढं चालतं असं मी मनाला समजावलं. सहाव्याला ड्रिल पलीकडे बाहेर पडलं आणि काडकन आवाज आला. उलटून पाहिलं तर दोन बोटं रुंद ढलपी निघून खाली पडली होती. तिच्यावर ‘१९८९’.

शिवण चुकली तर उसवता येते, हे बाईंनी शिकवलं. पुढे माझा सगळा धंदा उसवण्यावरच चालला. प्रोग्राम बिघडला तर कालची प्रत परत आणायची, कोणाला कळतही नाही. बाल्कनीत उभी राहून मी अक्षरशः मनात कंट्रोल-झेड दाबत होते. लाकडाला ते बटण नाही. दुसरी चौकटही नव्हती, कारण बिल्डिंगच नव्हती.

मग मी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला. दहा मिनिटांत फोन आला. आपल्यातल्याच मागच्या बाकावरच्या एकाचा. भांडुपला त्याचं फर्निचरचं वर्कशॉप आहे. नाव घेऊ नकोस असं त्याने बजावलंय, तो आत्ता मान खाली घालून बसलाय तिकडे. ‘हॅलो’ वगैरे काही नाही. पहिलं वाक्य, “अगं, पाठीला लाकूड नाही लावलंस?”

तीस वर्षांनी अर्थ कळला. ड्रिल आत शिरताना लाकूड फाटत नाही, बाहेर पडताना फाटतं. कारण शेवटच्या थराला मागून आधार नसतो. मागे एक रद्दी फळी घट्ट आवळली की टोक त्या फळीत शिरतं आणि आपलं भोक स्वच्छ राहतं. एवढंच. दोन रुपयांचा तुकडा.

तो संध्याकाळी आला. ढलपी फेकू दिली नाही. सागाला अंगचं तेल असतं, त्यावर डिंक नीट धरत नाही, म्हणून दोन्ही बाजू थिनरने पुसल्या, तीच ढलपी तिथेच चिकटवली, मागे-पुढे फळ्या लावून रात्रभर शिकंजात ठेवली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, आता भोक तू पाड, फळी मी धरतो. मागचे बारीक स्क्रू बसवताना आधी दीड मिलिमीटरचं भोक पाडायला आणि आट्यांवर मेण चोळायला त्यानेच शिकवलं. नाहीतर सागात स्क्रूचं डोकं तुटून हातात येतं. पुढची नटं १० च्या पान्याने, हाताला लागेल एवढीच आवळली. आणि सूर लावताना तार नेहमी खालून वर आणायची. वर गेली तर पुन्हा उतरवायची आणि परत चढवायची, म्हणजे दात्यांमधली मोकळीक राहत नाही.

आता संयोजकांचा प्रश्न. गेल्या दिवाळीत कल्याणहून महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडून मी मिरजेला गेले, सतारमेकर गल्लीत. तिथे चावी नाही, मळसूत्र नाही. तानपुऱ्याची खुंटी नुसती निमुळती, भोकही तसंच निमुळतं, आणि खुंटी धरून राहते ती फक्त घासून बसल्यामुळे. घसरायला लागली तर तिला काय चोळतात माहीत आहे? खडू. आपल्या फळ्यावरचा खडू. या गल्लीतल्या कारागिरांचे पूर्वज शिकलगार होते, शस्त्रांना धार लावणारे, तलवारी घडवणारे. इंग्रजी अमलात तलवारीचं गिऱ्हाईक संपलं. सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं दुरुस्त करता करता ती घडवायला घेतली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तलवार गेली, पण हात राहिले आणि हातातलं शिक्षण एकाकडून दुसऱ्याकडे गेलं.

तेव्हा नोकऱ्या राहतील का? काही जाणार, हे मी खोटं कशाला सांगू. माझ्याच टीममधली अर्धी कामं आता यंत्र करतं. पण ज्याला एक काम मन लावून शिकायची सवय आहे आणि चुकल्यावर फोन करायला माणूस आहे, तो दुसरं काम शिकेल. हे दोन्ही शाळेतच मिळतं.

म्हणून एक विनंती. आपली खालची शेड आज जुन्या बाकांची अडगळ आहे. मुख्याध्यापकांशी बोलणं झालंय, त्यांची तयारी आहे. आपल्या बॅचने मिळून सहा गुण्ये, सहा शिकंजे, रंधे, पटाश्या आणि दोन ड्रिल द्यावेत, आणि महिन्यातून एका शनिवारी आठवीच्या मुलामुलींना तिथे बसवावं. मुलींनाही, हे वेगळं सांगते. भांडुपकर लाकडाचे तुकडे देणार आहेत, हे मी त्यांना न विचारता जाहीर करते. नावनोंदणीची वही चहाच्या टेबलावर ठेवली आहे.

गिटार आज सोबत आणली आहे. चहानंतर भाचा वाजवेल. मागची ढलपी बघायची असेल त्यांनी बघा, जोड दिसतो, तो लपवलेला नाही.

आणि सर, पहिल्या शनिवारी तुम्ही यायलाच हवं. तीस वर्षं मी तुमचा तास वरच्या खिडकीतून ऐकलाय. या वेळी मी खाली असेन.