चुलीविना न्याहारी

गडावर मुक्काम ठरला की पहिला प्रश्न येतो, सकाळच्या खाण्याचं काय? मग तीन दगड मांडायचे आणि लाकडं शोधत हिंडायचं. हरिश्चंद्रगड तर अभयारण्यात येतो. दिवाळीनंतर तिथलं गवत असं वाळतं की एका ठिणगीनं उतारच्या उतार पेटावा.

आणि खरं सांगू, चूल लागते कशाला? दडपे पोहे करा की! पातळ पोहे निवडून न्यायचे. मोहरी, हिंग, हळद, शेंगदाण्यांची फोडणी घरीच करून, गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डबीत भरायची. सकाळी कांदा, काकडी, मिरची बारीक चिरून मीठ-साखर लावली की पाणी सुटतं. त्यात पोहे कालवून लिंबू पिळा, फोडणी घाला आणि ताटलीवर दगड ठेवून पंधरा मिनिटं दडपा. वेगळं पाणी लागत नाही; उन्हाळ्यात टाकी आटतात तेव्हा ही केवढी सोय! खवलेला ओला नारळ मात्र नेऊ नका, रात्रीतून आंबतो. हवाच असेल तर अख्खा न्या आणि वर फोडा.

चिरण्याचा कंटाळा असेल, तर सातूचं पीठ आहेच. त्यात किसलेला गूळ आणि पाणी घातलं की झालं. पाणी मात्र पायथ्याच्या गावातून भरून घ्यावं. टाक्याचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये, आणि आपण तर चूल पेटवणार नाही.

चहाबाजांसाठी थर्मास. पहाटेपर्यंत चहा कोमट होतो, हे आधीच सांगून ठेवते.