आठवीतच घरात बोला

(सोलापुरात आठवी ते दहावीचे विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. अशा कार्यक्रमात माझ्यासारख्याने ‘मेहनत करा, यश मिळेल’ असं सांगून खाली बसायचं असतं. मला ते जमणार नाही. कारण आमच्या घरात माझ्यापेक्षा जास्त मेहनत करणारी एक मुलगी होती. माझी आपा.

अब्बा यंत्रमागावर कामाला होते. अम्मी घरी विड्या वळायची. आपाला दहावीला ७८ टक्के मिळाले. दोन वर्षांनी मला ७१. आज मी इंजिनीअर आहे आणि आपाचं शिक्षण दहावी.

तिला ‘शिकू नको’ असं कुणीही म्हटलं नाही, हे मुद्दाम सांगतो. निकाल लागला, पेढे वाटले. पुढे काय, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. कॉलेज लांब, फॉर्म कुठे भरायचा ठाऊक नाही. अब्बा म्हणाले, ‘बघू.’ बघू-बघू म्हणताना प्रवेशाची तारीख गेली. मग पुढच्या वर्षी घालू असं ठरलं. तोवर आपा अम्मीशेजारी सूप मांडीवर घेऊन विड्या वळायला बसली होती. ती उठलीच नाही.

माझ्या वेळी गल्लीतल्या आयटीआय झालेल्या एका भाईने मला पॉलिटेक्निकचं सांगितलं आणि फॉर्म भरायला सोबत आला. दोघांच्या नशिबात फरक पडला तो एवढ्यावरून. म्हणून आज माझं म्हणणं एकच आहे. आपल्या घरातली वाट बहुतेक वेळा नापास होऊन बंद होत नाही. माहिती उशिरा मिळते, कागद वेळेवर नसतो, तारीख निघून जाते, आणि ती बंद होते.

तेराव्या वर्षी ‘मी अमुकच होणार’ हे ठरवायची गरज नाही. मीही ठरवलं नव्हतं. पण पुढे कुठले दरवाजे आहेत आणि ते कधी बंद होतात, हे आठवीत कळायलाच हवं.

आता दरवाजे पाहू.

पहिला आठवीतच आहे. एनएमएमएस, म्हणजे राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा. सरकारी, अनुदानित आणि महापालिका-जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलांसाठी ती असते. सातवीत ५५ टक्के आणि पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. मराठी आणि उर्दू, दोन्ही माध्यमांतून देता येते. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, चार वर्षांचे ४८,०००. ही संधी फक्त आठवीत मिळते. ज्यांची अम्मी विड्या वळते आणि जिच्याकडे विडी कामगाराचं ओळखपत्र आहे, त्यांच्यासाठी केंद्राच्या श्रम मंत्रालयाची वेगळी शिष्यवृत्तीही आहे. शाळेत विचारा. सरांनी सांगितलं नाही तरी विचारा.

दुसरा दरवाजा दहावीनंतर. इथे हिशेब समजून घ्या. अकरावी-बारावी दोन वर्षं आणि इंजिनीअरिंगची पदवी चार, एकूण सहा. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा तीन वर्षं, मग पदवीला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन आणखी तीन, तेही सहाच. पण डिप्लोमावाल्याला तीन वर्षांनी नोकरीही धरता येते. घरची परिस्थिती बेताची असेल तर हा फरक मोठा आहे. आयटीआयला कमी लेखू नका. दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केल्यावर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात जाता येतं.

अकरावी विज्ञान घेणार असाल आणि मन पक्कं नसेल, तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा; इंजिनीअरिंग आणि मेडिकल, दोन्ही बाजू खुल्या राहतात. वकील, शिक्षक, पत्रकार व्हायचं असेल तर कला शाखेत संकोच कसला? स्पर्धा परीक्षांनाही बहुतेक ठिकाणी कुठलीही पदवी चालते. मात्र ‘मार्क कमी पडले म्हणून आर्ट्स’ ही निवड नव्हे.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. इथे मी स्वतः फसलो आहे.

पॉलिटेक्निकच्या प्रवेशाच्या वेळी खिडकीवर विचारलं, ‘प्रवर्ग?’ मला प्रश्नच कळला नाही. आम्ही पिंजारी. बागवान, तांबोळी, अत्तार यांच्यासारखी आमची जातही महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहे, हे तिथे रांगेत कळलं. पण दाखला काढायला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेच्या नोंदीत नुसतं ‘मुसलमान’ लिहिलेलं. त्या वर्षी खुल्या प्रवर्गाची फी भरली. अब्बांनी त्यासाठी मालकाकडून उचल घेतली आणि ती फेडायला दोन वर्षं जादा पाळी केली. पुढे अक्कलकोट तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत चुलत आजोबांची नोंद सापडली, ‘पिंजारी’ अशी. डिग्रीच्या प्रवेशाला ती कामाला आली. तो कागद आधीपासून तिथे रजिस्टरमध्ये पडून होता, आम्ही शोधायला गेलो नव्हतो.

म्हणून दहावीच्या सुट्टीची वाट पाहू नका. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रीमिलेअर, यादी करा आणि सेतू केंद्रात चौकशी करा. आधार, शाळेचा दाखला आणि बँकेचं पासबुक, तिन्हींवर नाव एकसारखं आहे का पाहा. एकीकडे ‘शेख’ पुढे आणि दुसरीकडे मागे, एवढ्यावरूनही अर्ज अडतो.

आता मागे बसलेल्यांशी दोन शब्द. २०२४-२५ पासून राज्य सरकार ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण भरतं. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि प्रवेश सरकारी प्रवेश प्रक्रियेतून हवा. आपल्यातली बहुतेक कुटुंबं एक तर ओबीसीत येतात, नाही तर ईडब्ल्यूएसमध्ये बसू शकतात. म्हणजे ‘मुलीच्या फीचं कसं करायचं’ या प्रश्नाला बऱ्याच अंशी उत्तर आहे. ‘लांब आहे’, ‘सोबत कोण जाणार’ हे प्रश्न उरतात. ते खरे आहेत, खोटं बोलणार नाही. पण एका गल्लीतल्या चार मुलींनी एकाच कॉलेजात प्रवेश घेतला तर सोबतीचा प्रश्न त्याच सोडवतात. आधी चार घरांनी एकमेकांशी बोलायला हवं.

मुलांनो, मुलींनो, घरी गेल्यावर एक काम करा. वहीच्या एका पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात तुम्हाला आवडू शकतील अशी तीन कामं. दुसऱ्यात त्या प्रत्येकासाठी दहावीनंतर काय लागतं. तिसऱ्यात तारखा आणि कागद. दुसरा रकाना भरायला ते काम करणाऱ्या माणसाला गाठा. दवाखान्यातली नर्स असो, वायरमन असो, वकील असो. काय शिकलात, किती वर्षं लागली, पगार किती, सगळं विचारा. लोक आनंदाने सांगतात. मग तो कागद रात्री जेवताना अम्मी-अब्बांसमोर ठेवा. ‘बघू’ म्हणाले तर ‘कधी?’ म्हणून नम्रपणे विचारा.

आपाची मुलगी यंदा आठवीत आहे. तिचा एनएमएमएसचा फॉर्म भरायला मी पुण्याहून निघणार होतो. आपाचा फोन आला, ‘येऊ नकोस, मी भरला. उत्पन्नाचा दाखला मीच काढून आणला.’ पोरीची निवड होईल की नाही, माहीत नाही. पण त्या घरात आता ‘बघू’ म्हणायला कुणी बसलेलं नाही.

प्रश्न विचारा, मी इथेच थांबलो आहे.