हाताला काम
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या दिवशी गाणी आणि फराळ यांच्यामध्ये भाषण ठेवणे म्हणजे ऐकणारीच्या सहनशीलतेची परीक्षाच. तेव्हा मी फार लांबण लावणार नाही. आपल्या चिटणीसबाई आमंत्रण द्यायला आल्या तेव्हा त्यांनी मला विचारले, "तुम्ही इतकी वर्षे दवाखान्यात होतात, पण डॉक्टर नाही, नर्स नाही, मग नेमक्या कोण?" हा प्रश्न मला नवा नाही. आमच्या शास्त्राला मराठीत 'व्यवसायोपचार' म्हणतात. ते नाव ऐकून आमच्या चाळीतले एक गृहस्थ आपल्या मुलाच्या नोकरीचा अर्ज घेऊन माझ्याकडे आले होते!

येथे व्यवसाय म्हणजे नोकरीधंदा नव्हे. सकाळी उठल्यापासून रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत माणूस जे जे करतो ते सारे. दात घासणे, वेणी घालणे, लुगडे नेसणे, भाकरी थापणे, शाळेत जाऊन पाटीवर लिहिणे, हा सगळा त्याचा व्यवसाय. आजाराने किंवा अपघाताने त्यातले काही हातचे गेले, तर ते त्याला पुन्हा करता यावे म्हणून जो उपचार करायचा, आणि तोही शक्यतो कामाच्याच द्वारे करायचा, तो व्यवसायोपचार.

आपल्याकडे हे शिक्षण आणले ते एका स्त्रीने, हे या सभेत सांगितलेच पाहिजे. कमलाबाई निंबकर या मूळच्या अमेरिकन, लग्नाने निंबकरांच्या घरी आलेल्या. वयाची चाळिशी उलटल्यावर त्या अमेरिकेत जाऊन हे शास्त्र शिकल्या, आणि १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी या विषयाची आपल्या देशातली पहिली शाळा काढली. १९५२ साली भारतातील व्यवसायोपचारकांची संघटना उभी राहिली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. त्याच वर्षी या क्षेत्राचा जागतिक संघ निघाला आणि त्याच्या संस्थापक देशांत आपला देश होता. चाळिशीनंतर आपल्याच्याने काय व्हायचे, असे म्हणणाऱ्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावे.

मी या शिक्षणाला गेले ती १९८० नंतरच्या दशकात. त्या वेळी आमची परीक्षा मुंबई विद्यापीठाची असे. पुढे १९९८ साली आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि महाराष्ट्रातले हे शिक्षण त्याच्याकडे गेले. आधी शरीररचना आणि शरीरक्रिया, मग मानसशास्त्र, अस्थिरोग, मेंदूचे विकार, मनोविकार, असे विषय. त्याच्या जोडीला विणकाम, वेतकाम, सुतारकाम. घरचे म्हणत, "डॉक्टरीण व्हायला गेली आणि टोपल्या विणते!" पण टोपली विणण्यात मनगट किती वळते, अंगठा कोणत्या बोटाला टेकतो, नजर आणि हात यांचा मेळ कुठे लागतो, हे सारे आम्हाला वहीत लिहावे लागे. याला कृतीचे पृथक्करण म्हणतात. तो आमच्या विद्येचा पाया.

परंतु नुसत्या वर्गात बसून कोणी व्यवसायोपचारक होत नाही. प्रत्यक्ष रोग्यांबरोबर किमान १००० तास काम झाले पाहिजे, असा जागतिक संघाचा दंडक आहे. मुलांचा विभाग, अस्थिविभाग, मनोविकारांचा विभाग, अशी पाळीपाळीने उमेदवारी करायची; आपल्या रोग्याची तपासणी, उपचाराचा बेत आणि रोजची नोंद वहीत लिहायची; आणि ती वही देखरेख करणाऱ्या बाईंपुढे ठेवायची. या उमेदवारीतली माझी एक गोष्ट मी आज सांगणार आहे. ती माझ्या मोठेपणाची नाही, हे आधीच सांगते.

मुंबईतल्या एका रुग्णालयात माझी नेमणूक होती. तिथे एक मावशी उपचाराला येत. वय साठीच्या घरात. सातारकडच्या, लालबागेत गिरणीकामगारांची खाणावळ चालवीत. १९८२ च्या संपानंतर जेवणारे कमी झाले, तरी चूल विझली नव्हती. त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन उजवी बाजू गेली होती. चालणे बरेच सुधारले होते, पण हाताची मूठ वळलेली, ती उघडता उघडत नव्हती.

मी पुस्तकाप्रमाणे बेत केला. भोके पाडलेली एक फळी आणि लाकडी खुंट्या त्यांच्यापुढे ठेवल्या. एकेक खुंटी उचलायची नि भोकात बसवायची. मावशींनी दोन दिवस केले. तिसऱ्या दिवशी खुंटी खाली टाकून म्हणाल्या, "पोरी, हा बारक्या पोरांचा खेळ मला कशापायी?" चौथ्या दिवशी त्या आल्याच नाहीत. मी वहीत लिहिले, 'रोगी सहकार्य करीत नाही.'

बाईंनी ते वाक्य वाचले. आवाज न चढवता त्यांनी एकच विचारले, "या हाताने चाळीस वर्षे काय केले, हे विचारलेस का तिला?" मी विचारले नव्हते. माझ्या वहीत मावशींच्या सांध्यांची मापे होती. खाणावळीचा उल्लेख नव्हता.

मी त्यांच्या घरी निरोप धाडला. त्या आल्या. मी विचारले, "मावशी, तुम्हाला काय करता आले म्हणजे बरे झाले असे वाटेल?" त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. "भाकरी," म्हणाल्या. "सून करते, पण दिवसभर नुसतं बसून मला घास गिळत नाही."

आमच्या विभागात शिकवण्यासाठी एक छोटे स्वयंपाकघर होते. तिथे आम्ही परात मांडली. भगिनींनो, आपण रोज भाकरी करतो, पण तिच्यात किती उपचार दडला आहे पाहा. पीठ मळताना तळहातावर अंगाचा भार येतो, मनगट मागे वळते, खांद्याला बळ मिळते. थापताना तर पंजा सपाट आणि बोटे पसरलेली लागतात, म्हणजे वळलेल्या मुठीच्या अगदी उलट. पहिल्या दिवशी उजवा हात नुसता डाव्या हाताखाली ठेवून पिठावर दाबला. तीन आठवड्यांनी मावशींची बोटे पिठावर आपणहून उघडू लागली. मला आभाळ ठेंगणे झाले.

आणि त्याच आनंदात माझी चूक झाली. मावशी म्हणाल्या, "आता तव्यावर टाकू दे." मी लगेच गॅस पेटवला. त्यांनी भाकरी टाकली, सवयीने पाणी फिरवले, आणि चाळीस वर्षांच्या सवयीनेच उजव्या हाताने कड चाचपली. बोटे तव्याला टेकली. त्या ओरडल्या नाहीत, हात मागे घेतला नाही. त्यांना कळलेच नाही! मी हात ओढून घेईपर्यंत दोन बोटे भाजली होती.

अर्धांगवायूत पुष्कळदा हाताचे बळ जाते तशी संवेदनाही जाते. रोग्याला डोळे मिटायला सांगायचे, एका नळीत ऊन व दुसरीत गार पाणी घेऊन त्याच्या हाताला लावायचे, आणि कोणते ऊन ते विचारायचे. ही तपासणी मला परीक्षेत विचारली होती आणि मी पूर्ण गुण मिळवले होते. मावशींच्या बाबतीत मात्र मी ती केलीच नव्हती.

बोटांना औषध लागले. संध्याकाळी मी वही उघडून बसले. एक मैत्रीण म्हणाली, "किरकोळ आहे, लिहू नकोस. वर्ष वाया जाईल." मावशींनी तर आपणहून सांगितले होते, "मी कुणाला बोलणार नाही हो पोरी." बराच वेळ ती ओळ कोरी राहिली. शेवटी जे झाले ते लिहिले आणि वही बाईंपुढे ठेवली.

बाईंनी मला वर्ष गमवायला लावले नाही. पण त्या विभागातली उमेदवारी पुन्हा पहिल्यापासून करायला लावली. त्याहून जड गेले ते दुसरे. दुसऱ्या दिवशी मावशींच्या मुलाला आणि सुनेला बोलावून झालेला प्रकार मी स्वतःच्या तोंडाने सांगायचा, अशी त्यांची आज्ञा होती. मी सांगितले. मुलगा गप्प राहिला. सून म्हणाली, "मग आता घरी आम्ही काय जपायचं, ते सांगा." तेव्हा माझे शिक्षण खऱ्या अर्थाने सुरू झाले असे मी मानते.

आम्ही तिघींनी मिळून ठरवले. मळणे आणि थापणे मावशींनी करायचे, तव्याचे काम सुनेने. ऊन-गार पाहायचे ते डाव्या हातानेच. परातीखाली ओले फडके घालायचे, म्हणजे ती सरकत नाही. झाऱ्याच्या दांड्याला चिंध्या गुंडाळून तो जाड करायचा, म्हणजे सैल मुठीतही बसतो. चोळी घालताना अधू हात आधी, काढताना चांगला हात आधी. मावशींचा हात पहिल्यासारखा झाला नाही. पण त्या पुन्हा परातीपाशी बसल्या.

विद्यापीठाचे पुस्तक मला सांगत होते की हात कसा तपासावा. दवाखान्याने शिकवले की तो हात कोणाचा आहे हे आधी विचारावे. यांपैकी एक सोडून चालत नाही. पुस्तकावर विसंबले तेव्हा मावशी निघून गेल्या. पुस्तक विसरले तेव्हा त्यांची बोटे भाजली.

आता आपल्यापुरते. आपल्या घरांत कोणी आजारी पडले की आपण मायेपोटी त्यांच्या हातातले सगळे काम काढून घेतो. "तुम्ही नुसत्या बसा," म्हणतो. सासूबाईंना घास भरवतो, त्यांची वेणी आपणच घालतो. ही सेवा खरी, पण अशा सेवेने माणूस हळूहळू घरात पाहुणा होतो. तेव्हा त्यांना विचारा, "तुम्हाला काय करावेसे वाटते?" मटार सोलणे असेल, देवाची फुले निवडणे असेल, नातवाची वेणी असेल. ते करू द्या. वेळ लागला तरी लागू द्या. मात्र झटका येऊन गेलेल्या माणसाला जाणत्याकडून तपासून घेतल्याशिवाय विस्तवाजवळ आणि विळीजवळ बसवू नका.

आणि कोणाची लेक बारावी होऊन पुढे काय म्हणून विचारात पडली असेल, तर तिला या शिक्षणाची माहिती जरूर द्या. डोके आणि हात दोन्ही चालवणारी ही विद्या आहे. फक्त तिला एवढे सांगा, की चूक झाली तर वहीतली ती ओळ कोरी ठेवू नकोस.