क्षयाची गोळी आणि रक्तांतील साखर



क्षय आणि मधुमेह हे दोन आजार एकाच माणसाच्या अंगांत शिरले म्हणजे काय होतें, एवढेंच आज सांगावयाचें आहे. ज्याला मधुमेह आहे त्याला क्षय होण्याचा धोका इतरांपेक्षां दोन-तीन पटींनीं अधिक. म्हणून ही गोष्ट कोठें दूरची नव्हे. तुमच्याआमच्या आळींत घडणारी आहे.

घडतें तें असें. मधुमेहाच्या गोळीवर साखर बरी चाललेली असते. क्षयाचीं औषधें सुरू होतात आणि कांहीं आठवड्यांत साखर वर चढते. घरचीं माणसें म्हणतात, "हें औषध बाधलें, बंद करा." कोणी देवऋष्याकडे धांव घेतो. बाबांनो, येथेंच घात होतो! अर्धवट टाकलेला क्षय पुन्हां उसळतो, जंतू औषधाला दाद देईनासे होण्याचें भय असतें, आणि खोकल्यावाटे तो घरांतील लेंकरांनाही लागतो.

मग साखर चढली कां? एक तर क्षयाचा आजार स्वतःच साखर वाढवितो. दुसरें कारण औषधांत आहे. त्यांत रिफाम्पिसिन नांवाचें औषध असतें. लघवी तांबूस-नारिंगी होते ती त्याच्यामुळेंच. पोटांतील यकृत ही जणूं लोहाराची भट्टी. रिफाम्पिसिन त्या भट्टीचा भाता जोरानें चालवितें. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड यांसारख्या मधुमेहाच्या गोळ्या एरव्हीं तेथें हळूहळू जळतात. त्या आतां काम पुरें होण्याआधींच जळून जातात. मेटफॉर्मिन त्या भट्टींत जळत नाहीं, तें लघवीवाटे जातें, म्हणून त्याचा जोर तसा घटत नाहीं. पुष्कळांना डॉक्टर या काळापुरतें इन्सुलिन देतात. इन्सुलिन दिलें म्हणजे रोगी हाताबाहेर गेला, असें समजूं नका.

तेव्हां दोष औषधाचा नव्हे. क्षयाचें औषध चालूच ठेवावयाचें. बदलावयाचें तें मधुमेहाचें प्रमाण, आणि तेंही डॉक्टरनें. आपण होऊन एक गोळी वाढवूं नये कीं कमी करूं नये.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट ऐका. साधा क्षय असेल तर औषध सहा महिने असतें. तें संपलें कीं घरांत आनंद होतो आणि सर्व निश्चिंत होतात. पण भाता थांबला, भट्टी दोनेक आठवड्यांत मंदावली, आणि मधुमेहाची वाढविलेली गोळी तशीच चालू राहिली, तर साखर एकदम खालीं येते. घाम सुटतो, हातपाय थरथरतात, भोवळ येते, माणूस बेशुद्ध पडतो. शुद्धीवर असेल तर ताबडतोब साखरेचें पाणी द्या. बेशुद्ध असेल तर तोंडांत कांहींएक न ओततां दवाखाना गांठा. म्हणून क्षयाचें औषध संपण्याच्या सुमारास साखर तपासून मधुमेहाची गोळी पुन्हां ठरवून घ्याच.

आणखी एक. आयसोनियाझिडनें हातापायांना मुंग्या येतात, मधुमेहानेंही येतात. त्यासाठीं बी-६ जीवनसत्त्वाची गोळी मिळते, ती चुकवूं नका. इथाम्बुटोल चालू असतां नजर अंधुक झाली तर त्याच दिवशीं डॉक्टरला सांगा.

दोन्ही आजारांचे कागद एकाच पिशवींत ठेवा, आणि कोणत्याही डॉक्टरकडे जातांना दोन्ही दाखवा. सरकारी दवाखान्यांत क्षयाचें औषध फुकट मिळतें. पोषणासाठीं २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत, ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले आहेत. ही भीक नव्हे, आपला हक्क आहे. त्या पैशांचीं बिस्किटें आणूं नका. डाळ, अंडीं, शेंगदाणे आणा. आणि मधुमेहाची गोळी घेऊन उपास करूं नका.

रोगाला जात नाहीं, मुहूर्त नाहीं. त्याला समजतें तें एकच: वेळेवर घेतलेलें औषध आणि वेळेवर केलेली तपासणी.