जुना टीव्ही घेताना

वापरलेला एलईडी टीव्ही घ्यायचा विचार असेल, तर एक गोष्ट आधी ध्यानात घ्या. या टीव्हीत खरा पैसा असतो तो पॅनलमध्ये, म्हणजे पडद्यात. रिमोट हरवला, स्पीकर खरखरला, तर थोडक्यात भागतं. पॅनल गेलं की दुरुस्तीचा आकडा पुष्कळदा नव्या टीव्हीच्या किमतीला जाऊन भिडतो.

तेव्हा पाच मिनिटं चित्र पाहून लगेच पैसे काढू नका. टीव्ही निदान अर्धा तास चालू ठेवायला सांगा, कारण काही दोष संच तापल्यावरच वर येतात. विकणारा कां-कूं करू लागला, तर तो टीव्ही त्यालाच लखलाभ!

जाताना पेनड्राइव्हवर पांढरं, काळं, लाल, हिरवं आणि निळं अशी पाच कोरी चित्रं भरून न्या. पांढऱ्या पडद्यावर डाग, रेषा, मेलेले पिक्सल उघडे पडतात. एखादा भाग काळवंडलेला किंवा जांभळट दिसला, तर आतल्या बॅकलाइटच्या, म्हणजे पडद्यामागच्या दिव्यांच्या, पट्ट्या थकल्या आहेत असं समजा. आवाज येतो पण चित्र नाही, असा संच कोणी स्वस्तात देऊ केला, तर खोलीत अंधार करून पडद्यावर तिरकी बॅटरी मारा. पुसट चित्र हलताना दिसलं, तर पॅनल बहुधा शाबूत आहे, बॅकलाइट गेली आहे. ती बदलता येते, पण तो खर्च किमतीतून वजा करून घ्या.

‘दोनच वर्षं वापरलाय’ यावर विसंबू नका. मागच्या लेबलावर मॉडेल नंबर असतो आणि बहुतेकदा बनावटीचं सालही. मॉडेलवरून पडदा 1366 गुणिले 768 पिक्सलचा की 1920 गुणिले 1080 चा, तेही कळतं. आपला सेट-टॉप बॉक्स नेऊन प्रत्येक एचडीएमआय पोर्टला लावून पाहा. जुन्या स्मार्ट टीव्हीत बरीच अ‍ॅप चालेनाशी होतात. ती चालवायला टीव्हीला लावायची वेगळी स्टिक मिळते, म्हणून ‘स्मार्ट’चे जादा पैसे देऊ नका. प्लाझ्मा टीव्ही मात्र टाळाच. मोठ्या कंपन्यांनी 2014 च्या सुमारास ते बनवणं थांबवलं, त्यामुळे सुटे भाग मिळणं कठीण.

मूळ बिल मागून घ्या, आधीच्या मालकाची खाती समोरच काढून टाकायला लावा. आणि नेताना टीव्ही उभाच धरा, पडद्यावर हाताचा दाब नको. आडवा टाकून नेलात, तर वाटेतला एखादा खड्डा तुमची सगळी पारख मातीत घालेल.