घर मालकाचे, बिऱ्हाड भाडेकऱ्याचे



नाकाडोंगरीत भाडेकऱ्याच्या हक्कांवर व्याख्यान कशाला, अशी शंका आपल्यापैकी काहींना आली असेल. असले तंटे मुंबई-पुण्याच्या चाळींतले, असा आपला समज. परंतु जवळच चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. नोकरीनिमित्त बाहेरून येणारा मास्तर, कारकून, परिचारिका अखेर आपल्याकडेच खोली मागतात. लेखी करार क्वचितच होतो. "घरच्यासारखे राहा," एवढ्यावर व्यवहार ठरतो, आणि तंट्याचे बी तेथेच पडते.

मी स्वतः घरमालक आहे. तेव्हा आधी माझीच चूक सांगतो. एका पावसाळ्यात आमचे भाडेकरी गावी गेले होते. कवेलू गळत असतील म्हणून मी दुसऱ्या किल्लीने त्यांची खोली उघडली, गळतीखाली बादली ठेवली आणि परोपकार केल्याच्या समाधानात बाहेर आलो. ते परतल्यावर त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, "काका, बादली ठेवलीत ते बरे केले. पण आत दोरीवर माझे कपडे वाळत होते." दुसऱ्या दिवशी दाराला नवे कुलूप दिसले. माझ्या घराला यांचे कुलूप! मला राग आला. तो ओसरल्यावर प्रश्न पडला, की मी भाडे घेतो ते कशाचे? भिंतींचे, की भिंतींआड निर्धास्त राहू देण्याचे?

कायद्याने याचे उत्तर केव्हाच दिले आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १०८ सांगते, की भाडे देणाऱ्या व अटी पाळणाऱ्या भाडेकऱ्याला मुदतभर निर्वेधपणे राहता आले पाहिजे. तेच कलम मालकाला घराची स्थिती पाहण्यासाठी आत येऊ देण्याचे बंधन भाडेकऱ्यावर घालते. मात्र वाजवी वेळी. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा त्यात नमूद केलेल्या क्षेत्रांपुरताच आहे. त्याच्या कलम २८ ने मालकाला पाहणीचा हक्क दिला, पण त्याला दोन अटी जोडल्या: वेळ वाजवी हवी आणि पूर्वसूचना हवी.

"माझ्याच घरात मला कसली बंदी?" असे म्हणणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात धरावी. घुसखोरीच्या गुन्ह्यात कायदा मालकी कोणाची हे विचारीत नाही, ताबा कोणाचा हे विचारतो. २०२४ पासून अमलात असलेल्या भारतीय न्याय संहितेतही तेच तत्त्व आहे. ताबा असलेल्याला धाक घालण्यासाठी, त्याचा अपमान करण्यासाठी किंवा त्याला त्रास देण्यासाठी जो आत शिरेल, तो मालक असला तरी दोषी ठरू शकतो. आग लागली तर गोष्ट वेगळी. तेव्हा शेजाऱ्यानेही दार फोडावे.

पण हे कुलूप भाडेकऱ्याने ढालीसारखेही वापरू नये. पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरायचे आहेत, उद्या सकाळी माणसे येतील, असे मालकाने सांगितल्यावर "सवड नाही" म्हणून महिनाभर टाळणे हा हक्क नव्हे. गळक्या छपराचे नुकसान दोघांचेच.

ज्या भंडारा मतदारसंघातून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५४ ची पोटनिवडणूक लढविली, तो आपल्याच जिल्ह्यातला होता. त्यांनी १९४७ साली संविधान सभेसाठी लिहिलेल्या निवेदनात, लोकांची घरे व कागदपत्रे अवाजवी झडतीपासून सुरक्षित असावीत, असा हक्क मागितला होता. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. हे हक्क मुख्यतः सरकारविरुद्धचे आहेत, हे खरे. परंतु सरकारी शिपायाने दार ठोठावून परवानगी घ्यावी अशी अपेक्षा करणाऱ्या आपण, परक्या गावी आलेल्या बिऱ्हाडात मात्र न विचारता शिरावे काय?

उपाय साधा आहे. चार ओळींचा करार करा. पाहणीला येण्यापूर्वी एक दिवस आधी सांगा, उजेडी या, आणि घरचे माणूस हजर असताना या. दुसरी किल्ली ठेवायचीच असेल तर दोघांच्या संमतीने ठेवा. आणि कडी वाजवून क्षणभर थांबा. तेवढ्या थांबण्याने मालकी कमी होत नाही. आतल्या माणसाला मात्र आपण परके नाही, असे वाटते.