कार्ड बदलावं की थांबावं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



तालुक्याच्या गावी माझं संगणक जोडून देण्याचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. दिवाळी जवळ आली किंवा बारावीचा निकाल लागला, की एक प्रश्न हमखास येतो : "काका, ग्राफिक्स कार्ड बदलू का?" माझा उलट प्रश्नही ठरलेला असतो : "कोणता गेम अडतोय?" पुष्कळदा मुलगा गप्प होतो. कारण गेम कुठलाच अडलेला नसतो. मित्रानं नवं कार्ड घेतलेलं असतं, किंवा कुठल्या तरी व्हिडिओत पाहिलेलं असतं, आणि तेव्हापासून घरचं कार्ड म्हातारं वाटू लागलेलं असतं.

हा विषय काहींना पोरखेळ वाटेल. पण गेमसाठी जोडलेल्या संगणकात ग्राफिक्स कार्ड हा बहुधा सगळ्यांत महाग भाग असतो. मधल्या दर्जाचं घ्यायचं तरी मोठ्या रकमेची तयारी ठेवावी लागते. एवढ्या रकमेवरून घरात बाप-लेकांची बोलाचाली बंद झालेली मी पाहिली आहे. वडिलांना वाटतं पैसे उधळले, मुलाला वाटतं आपल्या आवडीची किंमत कुणाला नाही. खेळणं हा काही गुन्हा नव्हे. पण हौसेलाही हिशेब असावा, आणि हा हिशेब करता येतो. तोच आज मांडतो.

आधी कार्ड काय करतं ते पाहू. पडद्यावरचं चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळी. साध्या फुल एचडी मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे वीस लाखांहून जास्त ठिपके असतात. गेम सुरळीत वाटावा म्हणून ही रांगोळी सेकंदाला ६० वेळा नव्यानं काढावी लागते. म्हणजे एका चित्राला जेमतेम १७ मिलिसेकंद मिळतात. हे रंगकाम कार्डाचं. पण कुठली वस्तू कुठे आहे, शत्रू कुठून धावतोय, गोळी कुणाला लागली हे ठरवतो प्रोसेसर, आणि त्याला लागणारा माल हाताशी ठेवते रॅम. तिघांपैकी जो मागे पडेल त्याच्या चालीनं गेम चालतो.

म्हणून गेम अडखळला की दोष कार्डाचाच, असं धरून चालू नये. नाही तर दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, अशी गत होते. यावर घरच्या घरी करायची, एक पैसाही न लागणारी चाचणी आहे. सेकंदाला किती चित्रं तयार होतात, म्हणजे ज्याला मुलं एफपीएस म्हणतात, तो आकडा पडद्यावर लावा. व्ही-सिंक बंद करा, म्हणजे मॉनिटरच्या वेगाची मर्यादा आड येणार नाही. मग गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन एकदम खाली आणा. ठिपके कमी झाले, म्हणजे कार्डाचं ओझं उतरलं. आता आकडा झपकन वाढला, तर अडचण कार्डाची होती. जिथल्या तिथे राहिला, तर गाडी प्रोसेसरपाशी किंवा रॅमपाशी अडली आहे. तिथे नवं कार्ड बसवून काही होणार नाही.

मागे एक डिप्लोमाचा विद्यार्थी वडिलांना घेऊन आला. शिकवण्या घेऊन त्यानं निम्मे पैसे साठवले होते, उरलेले वडिलांनी घालायचे होते. वडील शेतकरी. बियाण्याचे दिवस होते, त्यामुळे त्यांचा चेहरा काही उत्साहाचा नव्हता. मुलाकडे जीटीएक्स १६६० सुपर हे कार्ड होतं. त्याच्या आवडीचा गेम चाळीसच्या आसपास अडकायचा आणि मधूनच हिसके द्यायचा. दोघांसमोर वरची चाचणी केली. रिझोल्यूशन उतरवलं, आकडा हलला नाही. कॅबिनेट उघडलं, तर आत रॅमची आठ जीबीची एकच पट्टी. वडील इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "म्हणजे इंजिन बरं आहे, डिझेलच पोचत नाही." मी सांगितलं असतं, त्याहून हे नेमकं होतं. तशीच दुसरी पट्टी बसवली. हिसके थांबले आणि गेम साठच्या जवळ गेला. खर्च कार्डाच्या तुलनेत किरकोळ झाला. पण मला मोलाची वाटली ती दुसरीच गोष्ट. जाताना वडील मुलाला विचारत होते, हा गेम नक्की असतो तरी काय.

रॅमखेरीज आणखी दोन-तीन गोष्टी पाहाव्यात. आपल्याकडे उन्हाळा आणि धूळ दोन्ही भरपूर. पंख्यांवर धुळीचा थर बसला की कार्ड तापतं आणि स्वतःला वाचवायला आपला वेग उतरवतं. संगणक बंद करून ती धूळ साफ करायला अर्धा तास पुरतो. कुणी १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतलेला असतो, पण विंडोजमध्ये तो ६० वरच ठेवलेला असतो. आणि हसू नका, मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डला लावलेले संगणकही माझ्याकडे येतात. कार्ड आत आरामात बसलेलं असतं!

त्यानंतर सेटिंग. सगळं काही अल्ट्रावर हवं, हा हट्ट सोडला तर जुन्या कार्डाचं आयुष्य सहज वाढतं. सावल्या आणि प्रतिबिंबं एक-दोन पायऱ्या खाली आणली, तर खेळण्याच्या भरात फरक जाणवतही नाही. शिवाय चित्र लहान आकारात काढून मोठं करून दाखवण्याचं तंत्र आता रुळलं आहे. एनव्हिडियाचं डीएलएसएस २०१८ मध्ये आरटीएक्स कार्डांबरोबर आलं. एएमडीचं एफएसआर २०२१ मध्ये आलं, आणि ते दुसऱ्या कंपनीच्या जुन्या कार्डांवरही चालतं. ज्या गेममध्ये ही सोय आहे, तिथे ती आधी वापरून पाहावी.

एवढं करूनही भागत नसेल, तर मात्र थांबण्यात अर्थ नाही. खरी वेळ आल्याच्या खुणा स्पष्ट असतात. पहिली खूण म्हणजे गेमच नकार देतो. २०१६ मध्ये आलेलं जीटीएक्स १०६० हे कार्ड घ्या. आपल्याकडे घरोघरी दिसायचं, आणि व्हॅलोरंटसारखा हलका गेम त्यावर अजूनही मजेत चालतो. पण २०२३ च्या ॲलन वेक २ नं नव्या पद्धतीच्या चित्रणाची अपेक्षा ठेवली, तिथे या पिढीची कार्डं धापा टाकू लागली. डिसेंबर २०२४ मधला इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि मे २०२५ मधला डूम : द डार्क एजेस यांना रे ट्रेसिंगची सोय असलेलंच कार्ड लागतं. इथे सेटिंग उतरवून उपयोग नाही. जी सोय कार्डात नाही, ती कुठून आणणार?

दुसरी खूण कार्डाच्या स्वतःच्या मेमरीची. ती भरली की गेम सुरळीत चालता चालता गचके खातो, भिंतीवरचं चित्र उशिरा उमटतं किंवा पुसट दिसतं. टेक्श्चर कमी करून हे आटोक्यात येतं. तेही मान्य होईना, तर जास्त मेमरीचं कार्ड हाच उपाय. तिसरी खूण ड्रायव्हरची. जीटीएक्स १०६० च्या पिढीसाठी नव्या गेमनुसार सुधारलेले ड्रायव्हर देणं एनव्हिडियानं ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवलं. त्यापुढे मिळतात ते फक्त सुरक्षेपुरते. म्हणून कार्ड दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही. पण नव्या गेममध्ये काही बिघडलं, तर कंपनी दुरुस्त करून देणार नाही, हे ओळखून असावं.

आता बाजाराचं. "थोडं थांबलो तर स्वस्त होईल का?" असं विचारतात. एनव्हिडियाच्या नव्या मालिका २०१६, २०१८, २०२०, २०२२ आणि २०२५ अशा आल्या. म्हणजे दोन-सव्वादोन वर्षांनी नवं काही तरी येतंच. नव्याची वाट पाहायची म्हटली, तर आयुष्यभर पाहता येईल. २०२१ मध्ये महामारीमुळे पडलेला तुटवडा आणि आभासी चलन काढणाऱ्यांची झुंबड यांमुळे कार्डं छापील किमतीच्या कितीतरी वर गेली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमनं आपली पद्धत बदलली, त्या चलनासाठी कार्डांची गरज संपली आणि वापरलेल्या कार्डांचा बाजारात पूर आला. तेव्हा थांबलेले शहाणे ठरले. याउलट २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढली आणि मेमरीचे भाव चढले. त्या वेळी स्वस्ताईची वाट पाहत बसलेल्यांच्या हाती काही लागलं नाही. बाजार कुणाच्या हातात नाही. आपल्या हातात आहे ती आपली गरज. ती खरी असेल आणि भाव अगदीच वेडेवाकडे नसतील, तर घ्यावं.

घेताना एकट्या कार्डाची किंमत धरू नका. जीटीएक्स १०६० ला १२० वॅट लागायचे, आरटीएक्स ३०६० ला १७० लागतात, आणि २०२५ च्या आरटीएक्स ५०९० ला तर ५७५. जुना एसएमपीएस हा भार पेलेल का, कार्डाला लागणारी जोडणी त्यात आहे का, कॅबिनेटमध्ये कार्डाची लांबी मावेल का, हे आधी मोजा. एसएमपीएसमध्ये काटकसर करून महाग कार्ड लावणं म्हणजे कच्च्या पायावर माडी चढवणं. जुना प्रोसेसर नव्या कार्डाला पुरा पडेल का, हेही पाहा. वापरलेलं कार्ड घेत असाल, तर बिल आणि उरलेली वॉरंटी मागा, आणि समोर अर्धा तास जड गेम चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

माझा स्वतःचा एक ठोकताळा आहे. नवं कार्ड आपल्याच गेममध्ये, आपल्याच मॉनिटरवर निदान दीडपट वेग देणार नसेल, तर बदलू नये. त्याहून कमी फरक आठवडाभरात अंगवळणी पडतो. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते हेच.

मुलांना मी एवढंच सांगतो, की घरी विषय काढण्याआधी एक कागद घ्या. खेळायचे तीन गेम, आज मिळणारा वेग, करून पाहिलेले उपाय आणि एसएमपीएस धरून एकूण खर्च त्यावर लिहा. कागद भरताना निम्म्या मुलांना कळतं, की बदलायची गरज नाही. उरलेल्यांनी तो वडिलांसमोर ठेवावा. आणि वडीलमंडळींना माझी विनंती, की तो वाचल्याशिवाय नाही म्हणू नये. हिशेब मांडून मागणाऱ्या मुलाशी निदान हिशेबानं बोललं पाहिजे.